स्वस्तातला वस्तरा घ्यावा का? ४५० रुपयांत काय मिळतं आणि काय मिळत नाही

गेल्या वर्षी मी ऑनलाइन ४५० रुपयांचा एक वस्तरा मागवला. लाकडी मूठ, आरशासारखं चकचकीत पातं, सोबत रेक्झिनची पिशवी. वर्णनात लिहिलं होतं, ‘दाढीसाठी तयार’. पंधरा दिवस मी त्याने दाढी करायचा प्रयत्न केला. गाल लाल झाले, गळ्यावर पुरळ आलं, हनुवटीखाली दोनदा कापलं, आणि एवढं होऊनही खुंट होते तिथेच. या पंधरा दिवसांत वस्तराच खराब असेल असं मला एकदाही वाटलं नाही. मी धरून चाललो होतो की आपला हात अजून बसलेला नाही.

स्वस्त वस्तऱ्याची खरी अडचण ही आहे. नवशिक्या माणसाला चूक हाताची की हत्याराची, हे कळायला मार्गच नसतो. म्हणून आज वस्तऱ्यामागचं तंत्र समजून घेऊ, घरच्या घरी तो कसा तपासायचा ते पाहू आणि शेवटी पैशांचा हिशोब मांडू.

थोडक्यात उत्तर

घाई असेल त्यांच्यासाठी आधीच सांगतो. तुम्हाला दगडावर धार लावता येत असेल, तर स्वस्त वस्तरा घ्यायला हरकत नाही. येत नसेल आणि नुसती दाढी स्वस्तात करायची असेल, तर घेऊ नका; दुधारी ब्लेडचा साधा रेझर घ्या. वस्तराच शिकायचा असेल, तर पहिला वस्तरा जाणकाराने धार लावून दिलेला घ्या. मग तो जुना असला तरी चालेल.

आधी हे बघा: बाजारात ‘वस्तरा’ नावाने काय काय विकतात?

एकाच नावाखाली चार वेगळ्या वस्तू मिळतात.

पहिली, सलूनमध्ये दिसणारा ब्लेडवाला वस्तरा. यात दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्धं बसवतात आणि गिऱ्हाईक झालं की टाकून देतात. हा शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. धार ब्लेडच्या कंपनीची असते, हे फक्त ब्लेड धरायचं हत्यार.

दुसरी, वस्तऱ्यासारखी दिसणारी वस्तू. तीनशे ते सहाशे रुपये, भरपूर चकाकी, कधी पात्यावर नक्षी. माझा वस्तरा यातला होता.

तिसरी, स्वस्त पण खरा वस्तरा. पोलाद कामाचं असतं, मात्र घासणी आणि शेवटची धार अर्धवट सोडलेली असते. माझ्या पाहण्यात हे हजार ते अडीच हजार रुपयांत मिळतात.

चौथी, नावाजलेल्या गावांचे वस्तरे. जर्मनीतल्या सोलिंगेनचे डोव्हो आणि बोकर, फ्रान्समधल्या थिएर गावचे थिएर-इसार. सोलिंगेन हे नाव तर १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे. वाटेल त्याला ते पात्यावर ठोकता येत नाही. यांचे नवे वस्तरे दहा हजारांच्या पुढे जातात.

या लेखाचा विषय म्हणजे दुसरी आणि तिसरी वस्तू.

वस्तऱ्याचं तंत्र: पाठ हीच मोजपट्टी

वस्तरा नीट पाहिला तर त्याची पाठ जाड असते आणि पातं धारेकडे निमुळतं होत जातं. चांगल्या वस्तऱ्याच्या दोन्ही बाजू आतल्या अंगाला खोलगट घासलेल्या असतात, म्हणून धारेजवळचं पोलाद अगदी पातळ असतं.

आता गंमत बघा. धार लावताना वस्तरा दगडावर सपाट आडवा ठेवतात. तेव्हा पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो, तसं इथे नाही. कोन पाठीच्या जाडीवरून आणि पात्याच्या रुंदीवरून आपोआप ठरतो. पाठ ५ मिलिमीटर जाड आणि पाठीपासून धारेपर्यंतचं अंतर १८ मिलिमीटर असेल, तर धारेचा कोन साधारण १६ अंश येतो. स्वयंपाकघरातल्या सुरीचा कोन बहुतेक वेळा याच्या दुप्पट असतो.

यातून एक गोष्ट निघते. पाठ वाकडी किंवा कुठे जाड, कुठे बारीक असेल, तर मोजपट्टीच चुकीची झाली. मग दगड कितीही महागडा आणा, धार एका ठिकाणी लागेल आणि दुसऱ्या ठिकाणी दगडाला टेकणारसुद्धा नाही. पाठ सरळ घासायला वेळ लागतो आणि अनुभवी हात लागतो. किंमत कमी करायची झाली की कात्री आधी इथेच लागते.

पोलाद आणि त्याला दिलेलं पाणी

अठराव्या शतकात, १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने शेफील्डमध्ये मुशीत वितळवून एकसारखं पोलाद बनवायची रीत बसवली आणि तिथले वस्तरे जगभर गेले. वस्तऱ्याला अशा पोलादाची गरज का, ते समजायला सोपं आहे. धारेचं टोक एका मायक्रॉनहून बारीक असतं. तिथे पोलाद मऊ असेल तर धार मुडपते, आणि कणीदार असेल तर तिचे टवके उडतात.

जुन्या पद्धतीच्या वस्तऱ्यात सुमारे १ टक्का कार्बन असतो. असं पोलाद ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास लालभडक तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवतात. यालाच आपल्याकडे लोहार पोलादाला ‘पाणी देणं’ म्हणतात. त्यानंतर ते पुन्हा दीडशे-दोनशे अंशांवर हलकं तापवतात, म्हणजे कडकपणा राहतो पण काचेसारखा ठिसूळपणा जातो. रॉकवेल मापावर अशा पात्याची कठीणता ६० च्या आसपास भरते. स्वस्त वस्तूंत बऱ्याचदा कमी कार्बनचं स्टेनलेस वापरतात. ते पन्नाशीच्या आसपासच अडकतं. त्याची सुरी चालते, वस्तरा चालत नाही.

पण म्हणून स्टेनलेस म्हणजे वाईट, असंही समजू नका. आपण रोज वापरतो ती दुधारी ब्लेडं बहुतेक स्टेनलेसचीच असतात. त्यात कार्बन पुरेसा असतो आणि पाणी नीट दिलेलं असतं, एवढाच फरक.

केसाने पोलाद बोथट होतं कसं, हाही प्रश्न कधीतरी पडला असेल. केस पोलादाच्या सुमारे पन्नासपट मऊ असतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी होताना पाहिली. केस वाकला आणि धारेच्या नेमक्या कमकुवत जागी आला, की तिथला बारीक टवका उडतो. धार नुसती झिजत नाही, ती तुटतेही. पोलाद जितकं एकसारखं, तितक्या अशा कमकुवत जागा कमी.

सलूनवाल्या काकांनी दोन मिनिटांत काय दाखवलं

पंधरा दिवसांनी मी माझा वस्तरा आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या काकांकडे नेला. त्यांचं वय साठीच्या पुढे. आता तेही अर्ध्या ब्लेडवर काम करतात, पण उमेदीच्या काळात त्यांनी खऱ्या वस्तऱ्याने दाढ्या केल्या आहेत.

त्यांनी वस्तरा उघडला आणि धार वर करून ट्यूबलाइटखाली धरली. धारेवरून एक बारीक पांढरी रेघ चमकत होती.

“दिसली का रेघ?” काका म्हणाले. “खरी धार दिसत नसते. उजेड दिसला की समजायचं, तिथे बोथट आहे.”

कारण सोपं आहे. उजेड परतवायला थोडी तरी सपाट जागा लागते. खरी धार इतकी बारीक असते की तिथून डोळ्याला दिसेल इतका उजेड परत येतच नाही. माझ्या वस्तऱ्यावर ही रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत होती.

मग त्यांनी पातं आरशासमोरच्या काचेवर आडवं ठेवलं आणि बोटाने टोकाला हलकेच दाबलं. टक. टाचेला दाबलं. टक. पातं डुगडुगत होतं.

“तुझ्या हाताचा काही दोष नाही रे,” ते म्हणाले. “याला धार लावायची म्हटली तरी लागणार नाही. आधी हा सरळ करावा लागेल.”

घरी येऊन मी व्हर्नियरने पाठ मोजली. टाचेपाशी ६.१ मिलिमीटर, टोकापाशी ५. रुंदी मात्र सगळीकडे १८. म्हणजे एकाच धारेचा कोन टाचेला १९ अंश आणि टोकाला १६. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. पंधरा दिवस मी स्वतःलाच नावं ठेवत होतो.

घरच्या घरी पाच तपासण्या

वस्तरा हातात आला की दाढीच्या आधी एवढं करा. परत पाठवायची मुदत असते तोवरच करा.

१. काच तपासणी. खिडकीच्या जाड काचेवर किंवा आरशावर पातं हलक्या हाताने आडवं ठेवा. डुगडुगलं, टकटक आवाज आला, तर पातं वाकडं आहे. परत करा.

२. उजेड तपासणी. दिव्याखाली धार वर करून बघा. चमकणारी रेघ किंवा ठिपके दिसले, तर तिथे धार नाही. हा दोष मात्र दुरुस्त होण्यासारखा असतो.

३. पट्टी तपासणी. धारेलगत दोन्ही बाजूंना एक अरुंद चकचकीत पट्टी दिसते. ती टाचेपासून टोकापर्यंत आणि दोन्हीकडे साधारण सारख्याच रुंदीची हवी. एकीकडे केसाएवढी आणि दुसरीकडे दोन मिलिमीटर असेल, तर घासणी वाकडी आहे.

४. मार्कर तपासणी. दगड असेल तर या पट्टीवर मार्करची शाई लावा आणि दगडावरून एकदाच हलकेच फिरवा. शाई जिथे राहिली, तिथे दगड पोचत नाही.

५. मूठ तपासणी. पातं मिटताना मुठीच्या बरोबर मध्ये जायला हवं. ते बाजूला घासत असेल, तर धार दर वेळी मुठीवरच बोथट होईल.

लोहचुंबक लावून पोलाद ओळखता येतं, असं काही जण सांगतात. त्यावर जाऊ नका. पात्याचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं.

आता पैशांचा हिशोब

वस्तरा एकदाच घ्यायचा, मग आयुष्यभर खर्च नाही, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. माझेच आकडे मांडतो.

वस्तरा ४५० रुपये. चामड्याचा पट्टा ६०० रुपये. हा टाळता येत नाही, कारण प्रत्येक दाढीआधी वस्तरा त्यावर फिरवावा लागतो. धारेसाठी १०००, ५००० आणि १२००० नंबरचे दगड मिळून ३५०० रुपये. एकूण ४५५०. म्हणजे ४५० चा वस्तरा दसपटीहून महाग पडला.

आता दुधारी ब्लेडचा रेझर. मी एक दिवसाआड दाढी करतो, वर्षाला साधारण १८० वेळा. एक ब्लेड चार दाढ्यांना पुरतं, म्हणजे वर्षाला ४५ ब्लेडं. पाच रुपयांचं एक धरलं तरी वर्षाचा खर्च २२५ रुपये. वस्तऱ्यावर घातलेल्या पैशांत वीस वर्षांची ब्लेडं येतात.

दीडशे रुपयांचं कार्ट्रिज वापरणाऱ्याचा हिशोब वेगळा आहे. एक कार्ट्रिज दहा दाढ्या चाललं, तर वर्षाला १८ कार्ट्रिज, म्हणजे २७०० रुपये. त्याचे पैसे वस्तऱ्यावर दोन वर्षांच्या आत वसूल होतील. पण तीच बचत पाचशे रुपयांचा रेझर घेऊनही होते, आणि ती पहिल्याच वर्षापासून. तेव्हा पैसे वाचवायला वस्तरा, हे कारण मनातून काढून टाका.

हे असं का होतं? किंग जिलेट या अमेरिकन माणसाने १९०३ मध्ये बदलत्या ब्लेडचा रेझर विकायला काढला. पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. नंतर या कल्पनेने जग व्यापलं, कारण धार लावायचं काम घरातून उठून कारखान्यात गेलं. आपल्याकडे ते काम न्हाव्याकडे होतं. त्याच्या धोकटीत वस्तऱ्याबरोबर दगड आणि चामडं असायचंच. पाच रुपयांच्या ब्लेडमध्ये तुम्ही धारेचे पैसे भरता. वस्तरा घेतला की ते काम तुमच्याकडे येतं. आणि स्वस्त वस्तरा घेतला, की कारखान्याने टाळलेलं कामही तुमच्याच गळ्यात पडतं.

मग कोणी काय घ्यावं?

फक्त स्वच्छ, स्वस्त दाढी हवी असेल, तर दुधारी ब्लेडचा रेझर. विषय संपला.

वस्तऱ्याची पकड आधी अनुभवायची असेल, तर सलूनचा ब्लेडवाला वस्तरा. पण एक सावधानता. तो खऱ्या वस्तऱ्याहून सोपा असतो, हा गैरसमज आहे. ब्लेड हलकं, कडक आणि फार धारदार असतं. हात जरा चुकला की कापतं. धार मात्र खात्रीची मिळते, त्यामुळे चुकलं तर हात चुकला हे कळतं.

वस्तराच शिकायचा असेल, तर जुना चांगला वस्तरा शोधा. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात जुन्या सामानात शेफील्ड किंवा सोलिंगेनचा ठसा असलेले वस्तरे कधीकधी सापडतात. मूठ तडकलेली चालेल, पातं काळवंडलेलं चालेल. धारेजवळ गंजाचे खड्डे, बारीकशी तडा किंवा एका बाजूने झिजलेली पाठ असेल, तर सोडून द्या. मी ३०० रुपयांना एक शेफील्डचा घेतला. दगडावर एक रविवार गेला, पण धार धरली.

हत्यारांशी खेळायची हौस असेल, तर तिसऱ्या प्रकारातला स्वस्त वस्तरा जरूर घ्या. धार लावायला शिकण्यासाठी त्याच्यासारखी पाटी नाही. बिघडला तरी जीव हळहळत नाही.

घेतलाच असेल तर

गरम पाण्याने दाढी दोन-तीन मिनिटं नीट भिजवा. ओला केस बराच मऊ होतो. दाढीआधी चामड्यावर वस्तरा तीस-चाळीस वेळा फिरवा. पाठ पुढे, धार मागे. उलटवताना पातं पाठीवरून वळवा, नाहीतर चामडं कापलं जाईल. दगडावर याच्या उलट, म्हणजे धार पुढे.

त्वचा मोकळ्या हाताने ताणून धरा. पातं त्वचेशी साधारण ३० अंशांवर ठेवा आणि केसांच्या दिशेने हलक्या हाताने चालवा. पहिला आठवडा फक्त गाल करा, हनुवटी आणि गळा रेझरनेच उरका. वस्तरा आडवा, धारेच्या दिशेने कधीही सरकवू नका. सगळे खोल कापे तिथेच होतात.

काम झालं की पातं पुसून पूर्ण कोरडं करा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब फिरवा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात बाथरूममध्ये ठेवलेल्या कार्बन पोलादाच्या वस्तऱ्यावर एका रात्रीत ठिपके येतात. तो कपाटात ठेवा, आणि मुलांचा हात पोचणार नाही अशाच कप्प्यात.

तुमचे नेहमीचे प्रश्न

घरात दोघांनी एक वस्तरा वापरला तर चालेल का?
नाही. कापल्यावर रक्ताचा अंश धारेवर राहतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकू शकतो. सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड मागायचं, तेही याचसाठी.

दगडावर धार किती दिवसांनी लावायची?
एकट्याच्या वापरात, चामडं रोज नीट वापरलं तर काही महिन्यांनी. वस्तरा खेचायला लागला की वेळ आली.

चाकूला धार लावणाऱ्याकडे दिला तर?
देऊ नका. फिरत्या चाकावर पातं तापतं आणि पोलादाला दिलेलं पाणी उतरतं. चांगला वस्तरासुद्धा कायमचा जाईल.

शेवटी

माझा ४५० चा वस्तरा मी टाकला नाही. काकांच्या सल्ल्याने दोन रविवार त्याची पाठ घासली. आता तो काचेवर डुगडुगत नाही, पण पोलाद मऊ आहे. दोन दाढ्यांत धार उतरते. तो मी दगडाचा सराव करायला ठेवला आहे, दाढीला शेफील्डचा वापरतो.

तेव्हा मित्रांनो, वस्तरा स्वस्त आहे का हे विचारण्याआधी त्याला धार कोण लावणार ते विचारा. उत्तर ‘मी’ असेल आणि तुम्हाला ते येत असेल, तर खुशाल स्वस्तातला घ्या. आणि आधीच घेऊन बसला असाल, गाल चरचरत असतील, तर स्वतःला नावं ठेवण्याआधी पातं एकदा काचेवर ठेवून बघा.